नॅरोबोटीचे दोर: आधी मोजमाप, मग खरेदी

नॅरोबोट, म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, भाड्याने घेतली की दोर आयते मिळतात, त्यामुळे त्यांचा विचार करायची वेळच येत नाही. स्वतःची बोट घेतली, किंवा पाच-सहा जणांत मिळून हिस्सा घेतला, की मात्र पहिल्याच महिन्यात चँडलरीत, म्हणजे बोटीच्या सामानाच्या दुकानात, उभं राहून प्रश्न पडतो: यातला कुठला? बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो. आधी जाडी ठरते, मग रंग, आणि लांबी दुकानात जी तयार असेल ती. तीन दोरांचा संच उचलला जातो, तिन्ही एकाच लांबीचे. बोटीवर लावल्यावर कळतं की मधला दोर पाण्यात पडला तर थेट पंख्यापर्यंत, म्हणजे बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या प्रोपेलरपर्यंत, पोहोचतोय, आणि मागचा दोर काठावरच्या कडीतून फिरवून परत बोटीवर आणायला अपुरा पडतोय.

हा लेख इंग्लंड आणि वेल्समधल्या कालव्यांवर फिरणाऱ्या, सुमारे ६ फूट १० इंच रुंदीच्या पोलादी नॅरोबोटीसाठी आहे. उदाहरणाला ५७ फुटी बोट धरली आहे, कारण ती लांबी इथल्या जवळजवळ सगळ्या कालव्यांवर चालते. रुंद बोटींना जाड दोर लागतात, त्यांचा हिशेब इथे नाही. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. तिसरी पायरी पहिल्यांदा केली तर पैसे दोनदा जातात.

१. कुठल्या दोराचं काम काय, हे आधी ठरवा

पुढचा आणि मागचा दोर बोट मुक्कामाला जागेवर धरतात. मधला दोर, ज्याला इथे सगळे सेंटर लाइन म्हणतात, छताच्या साधारण मध्यावरच्या कडीला असतो. बोट काठाला लावताना किंवा लॉकच्या, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदाच्या, तोंडाशी थोडा वेळ थांबवताना तो हातात धरायचा. एकट्याने बोट चालवणाऱ्याचा सगळा भार याच दोरावर असतो. छतावर मध्ये एकच कडी असेल तर दोन्ही बाजूंना एकेक असे दोन मधले दोर ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. काठ डावीकडे आला काय, उजवीकडे आला काय, दोर चिमणीवरून आणि कुंड्यांवरून ओढत पलीकडे न्यावा लागत नाही.

चौथं काम स्प्रिंगचं. शेजारून दुसरी बोट गेली की पाणी आपल्या बोटीला आधी एका दिशेला ओढतं, मग उलट दिशेला. पुढचा दोर पुढे आणि मागचा दोर मागे, काठाशी साधारण ४५ अंशांत तिरका गेला असेल तर एरवी तेवढं पुरतं. वर्दळीच्या कालव्यावर उलट्या दिशेने तिरका जाणारा आणखी एकेक दोर लागतो, तो स्प्रिंग. म्हणजे यादी अशी झाली: दोन मुख्य, दोन मधले, दोन जादा.

*सावधान:* मुक्कामाला मधला दोर ताणून बांधून ठेवू नका. त्याची कडी छतावर असते. बोट जरा ओढली गेली की तो छताला खेचतो आणि अख्खी बोट डुलायला लागते. आत झोपलेल्यांना प्रत्येक बोट गेल्याचं कळतं.

२. मोजमाप

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून याला सबंध सकाळ द्या. बोट काठाला नीट बांधलेली हवी, इंजिन बंद, किल्ली खिशात. सोबत वीसेक मीटर सुतळी, टेप, चिकटपट्टी आणि एक मदतनीस.

*मधला दोर.* सुतळीचं एक टोक छताच्या कडीला बांधा. ती छतावरून मागे न्या आणि सुकाणू धरून उभा असलेला माणूस हात लांब न करता जिथे पकडू शकेल तिथे चिकटपट्टीची खूण करा. ही पहिली लांबी, याहून कमी चालत नाही. आता तीच सुतळी छताच्या कडेवरून खाली सोडा, बोटीच्या बाहेरच्या अंगाने मागे ओढा आणि पंखा ज्या जागी आहे तिथपर्यंत न्या. पंखा बोटीच्या शेवटच्या टोकाला नसतो, सुकाणूच्या पात्याच्या थोडा पुढे आणि पाण्याखाली असतो. दुरुस्तीसाठीचं झाकण, म्हणजे वीड हॅच, त्याच्या वरच असतं, त्यावरून जागेचा अंदाज येतो. तिथे दुसरी खूण करा. ही दुसरी लांबी, दोर याहून कमीच हवा.

मधल्या दोराची लांबी या दोन खुणांच्या मध्ये बसली पाहिजे. ५७ फुटी बोटीवर दोन्ही लांब्या ८ ते ९ मीटरच्या आसपास येतात आणि फरक अगदी थोडा असतो, कधी हातभर, कधी तेवढाही नाही. म्हणूनच ‘१० मीटर घ्या, लागला तर असू दे’ हा सल्ला धोक्याचा आहे. तुमच्या बोटीवर दोन्ही खुणा एकमेकींवर आल्या, तर दोर आखूड घ्या आणि त्याचं टोक छताच्या मागच्या दांडीवर हाताशी राहील अशी जागा करा. पाऊलभर पुढे जाऊन दोर उचलायला लागला तरी चालेल. पंख्यात दोर गुंडाळला की इंजिन बंद पडतं, कधी गिअरबॉक्स आणि शाफ्टचं नुकसान होतं, आणि थंड पाण्यात हात घालून तो कापून काढायचं काम वीड हॅचमधून करावं लागतं.

*पुढचा आणि मागचा दोर.* यांची लांबी ठरते ती दोर काठावरच्या कडीतून फिरवून परत बोटीवर आणून बांधायच्या पद्धतीवरून. असं बांधलं तर निघताना बोटीवरूनच सोडता येतं, काठावर उडी मारावी लागत नाही. कडी तुमच्या टोकापासून तीन मीटर पुढे असेल तर जाऊन-येऊन सहा-सात मीटर, वर बांधायला दोन-अडीच. निव्वळ कालव्यावर फिरणार असाल तर प्रत्येकी १० मीटर पुरेसे. नदीवर जाणार असाल तर हिशेब बदलतो. थेम्सच्या लॉकांत इंजिन बंद करून पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर वापरावे लागतात. दोर वरच्या बोलार्डभोवती, म्हणजे काठावरच्या ठेंगण्या खांबाभोवती, फिरवून परत हातात धरायचा असतो, म्हणजे लॉकच्या खोलीच्या दुप्पट लांबी नुसती खाली-वर जाण्यातच जाते. ट्रेंटसारख्या नदीवरची लॉक मोठी आहेत. नद्यांसाठी मी १५ मीटरचे दोन वेगळे दोर ठेवते आणि कालव्यावर ते पेटीत असतात.

*सावधान:* मागचा दोर कितीही आखूड असला तरी पंख्यापर्यंत पोहोचतोच. चालत्या बोटीवर तो मागच्या डेकवर मोकळा पडलेला नको. निघण्यापूर्वी काढून आत ठेवा किंवा उंच अडकवा.

*तपासणी:* कागदावर आता प्रत्येक दोरापुढे एक आकडा असायला हवा. त्यात लूपसाठी, म्हणजे दोराच्या एका टोकाच्या कायमच्या फासासाठी, पाऊण मीटर वाढवा. १६ मिलिमीटर दोराला हातभर लूप गुंफताना साधारण तेवढा दोर खर्च होतो. मधल्या दोराच्या बाबतीत मात्र पूर्ण झालेली लांबी पुन्हा दुसऱ्या खुणेशी ताडून पाहा.

३. धागा

दुकानात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतील: नायलॉन, पॉलिस्टर आणि पॉलीप्रॉपिलीन. सुती आणि तागाचे दोर जुन्या पद्धतीने सजवलेल्या बोटींवर देखणे दिसतात, पण ते पाणी धरतात आणि आतून कुजतात, रोजच्या कामाला नकोत.

नायलॉन ताण आला की लांबतो आणि सुटला की परत येतो. बोट दोन दिशांना ओढली जाते तेव्हा हा गुण उपयोगी पडतो, झटका दोर खातो आणि मेख जमिनीत राहते. उलट बाजू अशी की ओला झाल्यावर त्याची ताकद थोडी कमी होते, आणि काही वर्षांनी तो ताठर होतो. पॉलिस्टर फार लांबत नाही, उन्हाला चांगला टिकतो, हातात मऊ राहतो. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही पाण्यात बुडतात. पॉलीप्रॉपिलीन तरंगतो आणि स्वस्त असतो, पण साधा निळा किंवा नारिंगी प्रकार उन्हाने ठिसूळ होतो, हाताला टोचतो आणि गाठ धरत नाही. तागासारखा दिसणारा, आखूड धाग्यांचा पॉलीप्रॉपिलीन यापेक्षा पुष्कळ बरा. तो हाताला खरखरीत पण पकडीला चांगला असतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. लॉकमध्ये बोलार्डभोवती दोर सरकवत बोट थांबवताना घर्षणाने तो तापतो. पॉलीप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, पॉलिस्टर २६० च्या आसपास. सरकवायच्या कामाला पॉलीप्रॉपिलीन नको म्हणायचं हे कारण.

माझी निवड अशी आहे. पुढचा आणि मागचा: तीनपेडी पिळाचा नायलॉन किंवा पॉलिस्टर. मुक्काम वर्दळीच्या जागी असेल तर नायलॉन, लॉक जास्त असतील तर पॉलिस्टर. मधला: विणीचा मऊ पॉलिस्टर, कारण हा दिवसातून वीस वेळा हातात येतो आणि लांबणारा दोर बोट थांबवताना नीट अंदाज देत नाही. तरंगणारा मधला दोर घेतला की पंख्याचा धोका टळला, असा एक समज आहे. पंखा फिरत असताना पाणी स्वतःकडे ओढतो आणि तरंगणारा दोरही त्यात जातो. संरक्षण मिळतं ते फक्त दुसऱ्या पायरीतल्या लांबीने.

४. जाडी

नॅरोबोटीला १४ किंवा १६ मिलिमीटर. यापलीकडे फार विचार नको, पण कारण समजून घ्या. १६ मिलिमीटरच्या तीनपेडी पॉलिस्टर दोराची तुटण्याची मर्यादा साधारण चार टन असते. शांत उभ्या बोटीला याच्या एक अंशानेही भागतं, पातळ दोरही पुरेल. तरी जाड दोर घ्यायचा तो आधी हातासाठी: दहा मिलिमीटरचा ओला दोर जोराने ओढला तर तळहातात रुततो. दुसरं कारण घासण्याचं. जाड दोराचा वरचा थर झिजला तरी आतला शाबूत राहतो.

ताकदीबद्दल मात्र एक हिशेब डोक्यात ठेवा. ५७ फुटी पोलादी बोट सहज १७ टनांची असते. ती ताशी २ मैल वेगाने, म्हणजे सावकाश चालीने, जात असताना दोराने अर्ध्या मीटरमध्ये थांबवली तर दोरावर सरासरी १.४ टन जोर येतो. तीच बोट दहा सेंटिमीटरमध्ये थांबवायला गेलात तर सुमारे ७ टन. म्हणजे चार टनांचा दोर, गाठीमुळे निम्म्यावर आलेली त्याची ताकद, आणि समोर सात टन. म्हणून बोट दोराने एकदम बांधून थांबवायची नसते. बोलार्डभोवती एक-दोन वेढे घ्यायचे आणि दोर थोडा थोडा सरकू देत वेग मारायचा. मुळात बोट इंजिनाने थांबवायची, दोर शेवटच्या हातभर अंतरासाठी.

*सावधान:* दोर हाताभोवती किंवा मनगटाभोवती कधीही गुंडाळून धरू नका, आणि पडलेल्या वेढ्यात पाय ठेवून उभे राहू नका. १७ टन कुणाच्या बोटांसाठी थांबत नाहीत.

*तपासणी:* दुकानात जाण्याआधी टी-स्टड, म्हणजे बोटीच्या टोकाचा आडव्या दांड्याचा खुंट, त्यावर चार वेढे कसे बसतात ते एखाद्या जुन्या दोराने पाहा. खुंट लहान असेल तर १६ मिलिमीटरचे वेढे वरून घसरतात, तिथे १४ घ्या.

५. लूप आणि टोकं

एका टोकाला गुंफलेला लूप हवा, गाठ मारलेला नको. गाठीने दोराची ताकद ४० ते ५० टक्के कमी होते, चांगल्या गुंफणीत ती ९० टक्क्यांच्या आसपास राहते. तीनपेडी दोर गुंफायला एका दुपारी शिकता येतो: पेड उलगडून, प्रत्येक पेड मूळ दोराच्या पेडाखालून आलटून-पालटून, किमान पाच वेळा. विणीचा दोर गुंफणं अवघड आहे, ते दुकानातच करून घ्या.

लूपचा आकार खुंटाच्या आडव्या दांड्यावरून ठरवा. दांडा २० सेंटिमीटर असेल तर सपाट धरलेला लूप २५ ते ३० सेंटिमीटरचा. लहान केला तर ओला झाल्यावर चढत नाही, फार मोठा केला तर दोर ढिला पडताच निसटतो. मधल्या दोराचा लूप छताच्या कडीतून काढून त्यातूनच उरलेला दोर ओढून घ्या. शॅकल, म्हणजे दोर जोडायची लोखंडी कडी, लावलं तर ते छतावर आपटत राहतं आणि रंग उडवतं.

दुसरं टोक मोकळं आणि गुळगुळीत असलं पाहिजे. तिथे गाठ, लूप, मणी, काही नको. लॉकमध्ये बोट खाली जात असताना त्या टोकाची गाठ बोलार्डात किंवा दगडांच्या फटीत अडकली तर बोट दोरावर लटकते. टोक जाळून बंद करायला हरकत नाही, पण वितळलेला गोळा बाहेर राहू देऊ नका, तो कडीतून जात नाही. दोऱ्याने घट्ट आवळून बांधलेलं टोक सर्वांत चांगलं.

नवा दोर रिळावरून घेताना रीळ फिरवून सोडून घ्या. एका बाजूने ओढून काढला तर तीनपेडी दोराला आढी पडते आणि ती पुढे कधीच पूर्ण जात नाही.

६. काठाचं सामान

कायमचा धक्का नसेल तर १४ दिवसांच्या आत जागा बदलावी लागते, त्यामुळे काठ सारखे बदलतात. जवळ हे हवं: चार मेखा, एक जड हातोडा, पोलादी पत्र्याच्या काठासाठी दोन-चार पायलिंग हुक (त्या पत्र्याच्या कडेला अडकणारे आकडे) किंवा साखळ्या. पत्र्याचा काठ असेल तिथे मेख ठोकू नका, हुक जास्त पक्का बसतो.

मेख तंबूच्या खुंटीसारखी, डोकं बोटीपासून लांब कललेलं राहील अशी ठोका आणि दोर जमिनीलगत बांधा. दोर मेखेच्या वरच्या टोकाला बांधला तर ती उपटली जाते. मेख पायवाट आणि पाणी यांच्या मधल्या गवतात असावी. दोर पायवाट ओलांडून कधीही न्यायचा नाही, सायकलवाला पडतो. मेखेच्या डोक्यावर पांढरी बाटली किंवा टेनिसचा चेंडू बसवा, अंधारात दिसतो.

७. शांत पाण्यात चाचणी

नवे दोर पहिल्यांदा वारा आणि वर्दळ नसलेल्या दिवशी, सरळ काठावर वापरून पाहा. क्रम असा:

१. मधला दोर घेऊन काठावर उतरा. उडी नाही, पाऊल टाकून. बोट जवळ येईपर्यंत थांबा.

२. बोलार्डला किंवा कडीला एक वेढा घेऊन बोट थांबवा. बांधू नका.

३. पुढचा दोर पुढे तिरका नेऊन कडीतून परत बोटीवर आणा आणि खुंटावर बांधा. शेवटी सुरगाठ, म्हणजे एका ओढीत सुटेल अशी.

४. मागचा दोर तसाच, मागे तिरका.

५. मधला दोर सोडून गुंडाळून छतावर, टोक सुकाणूच्या बाजूला.

नदीवर प्रवाहाकडे तोंड करून थांबा. आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाचा, म्हणजे पुढचा, दोर बांधा आणि निघताना तोच सर्वांत शेवटी सोडा. उलट केलं तर प्रवाह बोटीचं पुढचं टोक फिरवून आडवी करतो.

दोर किती ताणायचा? कालव्यावर बऱ्यापैकी ताठ, बोट हाताने ढकलली तर वीतभर हलेल इतपत. पण कोणी लॉकची झडप उघडी टाकून गेलं तर दोन लॉकमधलं पाणी रात्रीत उतरतं, आणि ताठ दोरावर बोट एका बाजूला टांगली जाते. पाणी उतरल्याच्या खुणा काठावर दिसत असतील तर ढील द्या. नदीवर तर ढील हवीच. थेम्सवर पिवळे किंवा लाल इशाऱ्याचे फलक लागले असतील तर दोर कुठला, हा प्रश्न उरत नाही. बोट सुरक्षित जागी असेल तिथेच राहू द्या.

*सावधान:* लॉकमध्ये दोर कधीही बांधून सोडायचा नाही. वेढा घ्या, टोक हातात धरा आणि पाणी उतरेल तसा सोडत राहा.

*तपासणी:* तासाभराने दोर कुठे घासतोय ते पाहा: दगडी काठाची धार, बोटीच्या पत्र्याची कड, कडीची आतली बाजू. तिथे जुन्या पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा उभा चिरून दोरावर चढवा.

८. निगा आणि बाद करण्याची वेळ

गाळ आणि वाळूचे कण पेडांत शिरून आतून धागे कापतात. वर्षातून दोनदा दोर सौम्य साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, खळबळून धुवा, सावलीत वाळवा. ब्लीच नको.

हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मीटरवर तीनपेडी दोराचा पीळ हाताने उलटा फिरवून आत पाहा. बाहेरचं केसाळपण काही अंशी चालतं. आत भुकटी दिसली, पेड तुटका असला, एखादी जागा कडक आणि चकचकीत झाली असेल (ती घर्षणाने वितळलेली असते), किंवा जाडी एका ठिकाणी कमी झाली असेल तर दोर बाद. खराबी फक्त टोकाकडे असेल तर तेवढं कापून दोन्ही टोकं उलट वापरता येतात, मात्र लांबी पुन्हा दुसऱ्या पायरीशी ताडून पाहा.

बाद झालेला मुख्य दोर अडीअडचणीला म्हणून पेटीत ठेवू नका. घाईत नेमका तोच हाती येतो. त्यातले चांगले भाग दीड-दोन मीटरचे तुकडे करून फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला धक्का सोसणाऱ्या गाद्या, टांगायला वापरा.